कारगिल, पराक्रम की बालाकोट?

मोठा दहशतवादी हल्ला झाला की 'आता घुसाच' आणि 'संयम पाळा' अशा दोन बाजू पडतात. कोणत्या बाजूला उभं राहायचं हे ठरत नसेल, तर मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतरचे तीन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. माझी कसोटी एकच: थांबायचं कधी, हे कोणाच्या हातात होतं?

कारगिलमध्ये (१९९९) वायुदलाला नियंत्रण रेषा ओलांडायची मनाई होती. त्याची किंमत पायदळाने मोजली. पलीकडे जाऊन रसद तोडता येत नाही म्हटल्यावर तोलोलिंग, टायगर हिल खालून, गोळ्यांच्या तोंडी चढावं लागलं. ५२७ जवान गेले. पण जगाचं मत भारताकडे झुकलं आणि ४ जुलैला वॉशिंग्टनमध्ये नवाझ शरीफांना माघार मान्य करावी लागली. लढाई आपल्याच जमिनीसाठी होती. शिखरं परत मिळाली की थांबता येणार होतं. ही सोय पुढे पुन्हा मिळाली नाही.

ऑपरेशन पराक्रममध्ये युद्ध झालंच नाही. संसदेवरच्या हल्ल्यानंतर (१३ डिसेंबर २००१) फौजा सीमेवर पोचायला सुमारे तीन आठवडे लागले. तेवढ्यात पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांचं दहशतवादी संघटनांवर कारवाईचं आश्वासन देणारं १२ जानेवारीचं भाषण झालं, बाहेरचा दबावही आला. सैन्य जवळपास दहा महिने तिथेच. सुरुंग आणि अपघातांत शेकडो जवान दगावले. न लढण्याचा हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. याच संथपणावर उतारा म्हणून झटपट, मर्यादित चढाईची 'कोल्ड स्टार्ट' कल्पना पुढे आली. त्याला उत्तर म्हणून पाकिस्तानने २०११ मध्ये अण्वस्त्र नेऊ शकणारं, ६० किलोमीटर पल्ल्याचं 'नस्र' क्षेपणास्त्र चाचणीला काढलं. युद्ध लहान करायला गेलो, तर अण्वस्त्रच रणांगणात उतरलं.

पुलवामानंतर पाकिस्तानातल्या बालाकोटवर केलेला हवाई हल्ला (२६ फेब्रुवारी २०१९) सर्वांत स्वस्त वाटतो. पण दुसऱ्याच दिवशी प्रत्युत्तर आलं, आपला वैमानिक पकडला गेला आणि बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं हेलिकॉप्टर पाडलं. वैमानिक १ मार्चला परतला म्हणून निभावलं. तो निर्णय इस्लामाबादचा होता.

घुसखोर आपल्या जमिनीवर असेल तर मी कारगिलचा मार्ग निवडेन. दहशतवादी हल्ल्याच्या उत्तरात बालाकोटचा, पण थांबण्याची वाट आधी ठरवून. महिनोन्महिने फौजा उभ्या करण्याला मात्र माझा कौल नाही.