डिमर स्विच: बल्बशी जमलं तर मस्त, नाहीतर डोक्याला ताप

आधीच सांगते, डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करायचा स्विच) मला आवडलाय आणि काढणार नाहीये, पण सगळ्या खोल्यांत लावा असं काही मी म्हणणार नाही. हॉल आणि बेडरूम, बस. किचनमध्ये चिरताना-निवडताना फुल उजेडच लागतो, बाथरूममध्ये कोण नॉब फिरवत बसणार, आणि जिन्यात लावण्यापेक्षा तिथे मोशन सेन्सर जास्त कामाचा.

मी घेतलाय तो गोल नॉबचा, दाबला की चालू-बंद आणि फिरवला की कमी-जास्त. मुद्दाम हाच घेतला, कारण दुसरा जो प्रकार येतो ना, बंद करायला पार शेवटपर्यंत फिरवून टक करायचा, त्यात रोज आपली आवडती सेटिंग नव्याने शोधावी लागते. दाबायच्या नॉबमध्ये काल जिथे ठेवला तिथेच आज लागतो. टचवाले दिसायला भारी असतात हे मान्य, पण अंधारात गुळगुळीत काचेवर चाचपडत बसायचं आणि हात जरा ओला असला की ते ऐकतच नाही, त्यापेक्षा नॉब बरा. हातालाच कळतं कुठे आहे ते.

आता खरा मुद्दा. डिमर एकटा घ्यायची वस्तूच नाहीये, तो आणि बल्ब ही जोडी घ्यायची असते. घरात आधीपासून एक जुना डिमर होता, साध्या तारेच्या बल्बच्या जमान्यातला, त्यावर 9 वॉटचा एलईडी लावला की काय होतं बघा: नॉब अर्धा फिरवेपर्यंत ढिम्म काही फरक नाही, मग उजेड एकदम धाडकन खाली, मग लुकलुक लुकलुक, आणि मग डायरेक्ट बंद. परत चालू करायला नॉब बराच वर न्यावा लागतो तेव्हा कुठे पेटतो. यात बल्ब खराब नाही आणि डिमरही खराब नाही. त्या जुन्या डिमरला नीट चालायला कमीत कमी 40-60 वॉटचा लोड लागतो आणि आपण देतोय 9. शिवाय डिमर म्हणजे काही नळ नव्हे की वीज कमी सोडली, तो वीज भराभर तोडून देतो, 50 हर्ट्झच्या लाइनवर सेकंदाला 100 वेळा. जुने बहुतेक विजेच्या प्रत्येक लहरीची सुरुवात कापतात, त्याला लीडिंग एज म्हणतात, आणि एलईडीसाठी जे येतात ते बहुतेक शेवटचा भाग कापतात, ते ट्रेलिंग एज. तापलेल्या तारेला या तोडातोडीचं काही वाटत नाही, ती तेवढ्यात थंड होत नाही, पण एलईडीच्या आतलं सर्किट बरोबर गोंधळतं. म्हणून ट्रेलिंग एज घ्या आणि बल्बच्या खोक्यावर डिमेबल लिहिलंय का बघा. नसेल लिहिलेलं तर तो बल्ब डिमरवर लावूच नका, लुकलुकेल, आवाज करेल आणि लवकर जाईल.

वॉटच्या आकड्यालाही फसू नका. डिमरवर मोठ्या अक्षरात 400 वॉट असेल तर तो साध्या बल्बचा असू शकतो, एलईडीचा आकडा बाजूला बारीक अक्षरात असतो आणि तो बराच कमी असतो. एका बोर्डात दोन-तीन डिमर शेजारी शेजारी बसवले तर तोही अजून कमी धरायचा कारण गरम होतात. प्लेट कोमट लागली तर घाबरू नका, तेवढं चालतं, पण हात ठेववत नसेल तर वायरमनला बोलवा.

माझ्या डिमरमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट कुणी सांगतच नाही. प्लेट काढली की बाजूला एक बारका स्क्रू आहे, त्याने सगळ्यात कमी उजेड कुठे थांबायचा ते ठरवता येतं. वायरमन बसवत होता तेव्हाच त्याच्याकडून करून घेतलं: नॉब तळाला नेला, बल्ब थरथरत होता, स्क्रू हळूहळू फिरवत थरथर थांबली तिथे सोडला, मग बंद करून तळालाच परत चालू करून बघितलं की पेटतोय ना. हे केल्यावर तोच बल्ब एकदम शहाण्यासारखा वागायला लागला.

आणि तळाचा उजेड किती खाली जातो हे खूप महत्त्वाचं आहे बरं का. आपला डोळा लबाड आहे, मीटरवर उजेड 25 टक्के झाला तरी डोळ्याला निम्मा वाटतो, आणि 10 टक्के म्हणजे साधारण एक तृतीयांश. म्हणजे जो डिमर 20 टक्क्यांवर थांबतो तो रात्री तुम्हाला जवळजवळ 45 टक्के वाटणार, मग कसला मंद उजेड! बाळाला झोपवायचं असेल किंवा रात्री टीव्ही बघायचा असेल तर 5 टक्के किंवा त्याच्या खाली जाणारी जोडी बघा.

एक तक्रार मात्र राहिलीच. तारेचा बल्ब मंद केला की तांबूस व्हायचा, ती मजा साध्या एलईडीत नाही, रंग तोच राहतो आणि नुसता मरगळलेला दिसतो. यावर वॉर्म डिम म्हणून बल्ब मिळतात, ते मंद करताना 2700 केल्विनवरून 2000 च्या आसपास उतरतात (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड तांबूस). बेडरूमला तेच लावलेत आणि फरक खरंच जाणवतो, हॉलला साधेच ठेवलेत.

बिल वाचेल म्हणून घेणार असाल तर जाऊ दे. एलईडी निम्मा केला तर वीजही साधारण निम्मी लागते, पण 9 वॉटातले साडेचार वाचून असं किती वाचणार.

रात्री सगळं शांत झाल्यावर बोर्डाला कान लावला तर बारीक गुंऽऽ ऐकू येतं, पलंगावरून नाही येत, त्यामुळे मला चालतं. मोबाईलने स्लो मोशन काढलात तर मंद उजेडात पट्टे दिसतील. स्मार्टवाला घ्यायचा असेल तर आधी बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आलीये का ते बघून घ्या, बऱ्याच मॉडेलना लागते आणि जुन्या वायरिंगमध्ये स्विचपर्यंत ती आलेलीच नसते, साध्या डिमरचं मात्र बहुतेक दोन वायरवर भागतं. आणि कृपा करून यावर पंखा जोडू नका, मोटर घुमते आणि तापते, पंख्याचा रेग्युलेटर वेगळाच येतो.