एटीआरवरून ए-३२० वर: स्वखर्चाचं टाइप रेटिंग घ्यावं का?

पंख्याच्या विमानावर दोन-तीन हजार तास झालेल्या वैमानिकाला आपली कंपनी एटीआर ही दोन पंख्यांची छोटी प्रवासी विमानं परत करून जेट आणणार असल्याची कुणकुण लागली, की त्याच्यासाठी बाजारात एक माल तयारच असतो: एअरबसच्या ए-३२० या जेटचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची लायसन्सवरची नोंद. पैसे भरा आणि महिना-दोन महिन्यांत लायसन्सवर नवं विमान चढवून घ्या. इथे कुठल्या एका ट्रेनिंग सेंटरबद्दल लिहिलेलं नाही. भारतात या नावाने जे पॅकेज विकलं जातं त्यात काय असतं, काय नसतं आणि एटीआरवाल्याला ते कितपत लागू पडतं, ते पाहिलं आहे. निकाल आधीच सांगायला हरकत नाही: शिकवणं चांगलं, खरेदी बहुतेकांसाठी चुकीची.

पॅकेजचे ढोबळमानाने तीन भाग असतात. दहा-पंधरा दिवसांचं ग्राउंड स्कूल, मग न हलणाऱ्या ट्रेनरवर फ्लो (स्विच हाताळायचा ठरलेला क्रम) आणि प्रोसिजर्स, आणि शेवटी लेव्हल डी (सर्वांत वरच्या दर्जाच्या) फुल फ्लाइट सिम्युलेटरवर साधारण आठ-नऊ सेशन आणि स्किल टेस्ट. एक सेशन चार तासांचं. त्यातले दोन तास तुम्ही उडवता, दोन तास जोडीदाराचं मॉनिटरिंग करता. माहितीपत्रकावरचे सिमचे तास मोजताना हे लक्षात ठेवा, प्रत्यक्ष हातात त्याच्या निम्मे येतात.

ग्राउंड स्कूलला एटीआरवाला फारसा अडत नाही. ब्लू आणि ग्रीन या दोन हायड्रॉलिक सिस्टिम्सच्या जागी ग्रीन, ब्लू, यलो अशा तीन येतात. ग्रीन आणि यलोच्या मध्ये पीटीयू (एकीच्या दाबावर दुसरीला दाब देणारं यंत्र) असतो आणि आणीबाणीत ब्लूला दाब द्यायला रॅट (वाऱ्यावर फिरणारा छोटा पंखा) बाहेर पडतं. एपीयू, म्हणजे वीज आणि हवा देणारं शेपटीतलं छोटं इंजिन, ही चीज नवी. एटीआरवर उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने थांबवून त्याच इंजिनावर वीज आणि हवा घ्यायची, म्हणजे हॉटेल मोड, एवढ्यावरच काम भागवलेलं असतं. हा सगळा भाग पाठांतराचा. घरी भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर लावून आधीच फ्लो घोटले नाहीत, तर ट्रेनरवरची पहिली दोन-तीन सेशन स्विच शोधण्यातच जातात, आणि मीटर चालूच असतो.

सिममध्ये मात्र जुन्या सवयी आडव्या येतात. इन्स्ट्रक्टर किती पाण्यात आहे तेही तिथेच कळतं.

सगळ्यात मोठी अडचण उतरण्याची. एटीआरवर उंच राहिलात तर पॉवर लिव्हर मागे ओढायचे, दोन मोठे पंखेच ब्रेकचं काम करतात. ए-३२० ला आयडलवर आणलं तरी ते घसरतच राहतं. सपाट उडताना वेग मैलामागे साधारण १० नॉट्सने उतरतो. पण तीन अंशांच्या उतारावर फ्लॅप आणि चाकं आत असतील तर तो जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे एटीआरवरून आलेल्याचं पहिलं अप्रोच हमखास उंच आणि वेगात येतं, १००० फुटांवर स्टेबल (ठरलेल्या वेगात आणि उतारावर) नसतं आणि गो-अराउंड करावा लागतो, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावं लागतं. उपाय सगळ्यांना पाठ आहे: उंचीच्या हजारांना तीनने गुणून मैल काढायचे, वेग कमी करायला वेगळे मैल राखायचे, शंका आली तर चाकं लवकर टाकायची. पण हे ऐकून अंगवळणी पडत नाही. निदान दोन सेशन ऑटोपायलटविना, रॉ डेटावर (दिशा सुचवणाऱ्या खुणांशिवाय, नुसत्या यंत्रांच्या आकड्यांवर), पुन्हा पुन्हा उतरवून घ्यावी लागतात. स्वस्त पॅकेजमध्ये नेमका हाच वेळ कापलेला असतो, कारण सिलॅबसमधल्या फेल्युअर्सच्या रकान्यांवर टिक करणं भाग असतं आणि साध्या उतरण्यासाठी रकानाच नसतो.

दुसरी सवय हाताची. एटीआरला ऑटोथ्रस्ट नाही, टॉर्क बघायचा आणि लिव्हर हलवायचे. ए-३२० वर लिव्हर सीएल (क्लाइंब) डिटेंटमध्ये, म्हणजे एका ठरलेल्या खाचेत, बसून राहतात, इंजिनं आपापली वरखाली होतात आणि हाताला काहीच कळत नाही. जी माहिती हात देत होता ती आता एफएमए (कोणता मोड चालू आहे ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी) आणि वेगाचा बाण देतात. म्हणून एफएमएवर बदललेला प्रत्येक मोड मोठ्याने म्हणायला लावणारा इन्स्ट्रक्टर कटकट्या वाटला तरी तोच चांगला.

पायांचीही गंमत आहे. एटीआरवर टॉर्क बदलला की रडर लागतोच. टेकऑफला इंजिन गेलं, तर एटीपीसीएस ही स्वयंचलित यंत्रणा चालू इंजिनाला ९० वरून १०० टक्के टॉर्कवर नेते आणि मेलेल्या इंजिनाचा पंखा फेदर करते (हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून पाती वळवते), पायालाही चांगलाच जोर लावावा लागतो. ए-३२० वर तोच पाय तितक्याच जोराने गेला की नाक उलट्या बाजूला फिरतं. इथे स्क्रीनवरची निळी खूण, म्हणजे बीटा टार्गेट, मधोमध आणण्याइतकाच रडर द्यायचा आणि ४०० फुटांपर्यंत विमान सरळ ठेवण्यापलीकडे घाईने काहीही करायचं नाही. फेदर करायला काही नसतंच.

साइडस्टिकबद्दल (योकच्या जागी येणाऱ्या बाजूच्या छोट्या दांडीबद्दल) लोक उगाच घाबरतात, दोन सेशनमध्ये ती हातात बसते. फक्त दोन्ही स्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत हे डोक्यात ठेवायचं. एटीआरवर जोडीदाराचा हात योकमधून जाणवायचा, इथे ‘ड्युअल इनपुट’ असा आवाज येईपर्यंत पत्ताच लागत नाही. फ्लेअरचंही तसंच. ५० फुटांवर विमान पिच लक्षात ठेवतं आणि ३० फुटांपासून हळूहळू नाक खाली नेतं, त्यामुळे स्टिक मागे ओढत नेणं भागच पडतं. एका ठिकाणी मात्र एटीआरवाला थेट जेटवर आलेल्या नवख्यापेक्षा उजवा ठरतो. डायरेक्ट लॉमध्ये (बिघाडामुळे संगणकांची मदत गेलेली असते तेव्हा) ऑटोट्रिम जातं आणि हाताने ट्रिम करावं लागतं. एटीआरवर प्रत्येक वेगबदलाला ट्रिम करून ते बोटांत भिनलेलं असतं.

आता पॅकेजमध्ये काय नसतं ते.

पहिली गोष्ट, खरं विमान. जेटचा अनुभव नसलेल्याला सिमनंतर प्रत्यक्ष विमानावर सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) आणि लँडिंग करावी लागतात, म्हणजे बेस ट्रेनिंग. ट्रेनिंग सेंटरकडे ए-३२० नसतं, ते विमान कंपनीकडे असतं. अनेक पॅकेजच्या कोटेशनमध्ये बेस ट्रेनिंगची ओळ एकतर नसते किंवा ‘उपलब्धतेनुसार’ अशी असते. पंधरा-वीस लाखांच्या घरातला आकडा ऐकला की तो बेस ट्रेनिंग धरून आहे का, एक्झामिनरची फी, जादा सेशन आणि जीएसटी धरून आहे का, हे एकाच ईमेलमध्ये विचारून लेखी उत्तर घ्यावं.

दुसरी गोष्ट, एसएलएफ, म्हणजे सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग. प्रवासी भरलेल्या विमानात इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली सेक्टर (नेहमीची उड्डाणं) केल्याशिवाय कोणी लाइनवर रिलीज होत नाही, आणि हे सेक्टर फक्त नोकरी देणारी कंपनीच देऊ शकते. बाजारात किंमत लायसन्सवरच्या शिक्क्याला नसते, त्यानंतरच्या तासांना असते. अनुभवी को-पायलटच्या जाहिरातींमध्ये त्या विमानावरचे किमान तास, बऱ्याचदा ५००, मागतात ते यामुळेच. सिमचे तास त्यात धरत नाहीत.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि खरेदी फसते ती इथे. डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कंपनीने एनओसी दिली तर मुदत घटते, पण फ्लीट बदलताना उरलेली एटीआर उडवायला माणसं लागतात, मग एनओसी सहजी सुटत नाही. म्हणजे आज रेटिंग घेतलं आणि राजीनामा दिला, तरी कॅप्टन वर्षभर एटीआरच उडवणार. ए-३२० चा हात तोवर गंजणार. प्रवीणता तपासणी दर सहा महिन्यांनी, म्हणजे सिमचा स्लॉट पुन्हा स्वतःच्या खिशातून, जोडीदारही आपणच शोधायचा.

याच कोर्सचा दुसरा अवतार म्हणजे कंपनीने स्वतः करून दिलेलं कन्व्हर्जन. तोच सिलॅबस, बहुधा तेच सिम, पण बेस ट्रेनिंग आणि एसएलएफ त्यातच, शिवाय कंपनीचे एसओपी (ठरलेल्या कार्यपद्धती) पहिल्या दिवसापासून. आमच्या मते थांबायचं ते यासाठी. डोळे मिटून सही मात्र नको. बाँड किती वर्षांचा, दरवर्षी रक्कम घटते का, कंपनीने स्वतःच कामावरून कमी केलं तर बाँड सुटतो का, हे पाहावं. ट्रेनिंगच्या काळात फ्लाइंग अलाउन्स बंद होऊन नुसत्या मूळ पगारावर राहावं लागतं का, तेही. इन्स्ट्रक्टर कमी असले की एसएलएफची रांग महिनोन्‌महिने लांबते, आणि घरचा हप्ता त्या रांगेवर अवलंबून राहतो. एटीआरचा कॅप्टन जेटवर बहुधा उजव्या सीटवर बसतो. सिनिऑरिटी एटीआरवरच्या तारखेपासून धरणार की जेटवरच्या, आणि कमांडसाठी किती तास लागतील, हे लेखी नसेल तर ते नाहीच असं समजावं.

आणि एटीआरचं रेटिंग रद्दी झालं असं मानायचंही कारण नाही. गोव्याची फ्लाय९१ मार्च २०२४ मध्ये एटीआर ७२-६०० घेऊनच सुरू झाली. लक्षद्वीपमधल्या अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटरची, तिथे ए-३२० जाणार नाही. अलायन्स एअर तर उलट दिशेने गेली, सीआरजे-७०० ही जेट सोडून एटीआर ७२-६०० वर. जेटकडे जाणाऱ्यांनाही मधली वाट आहे. कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने ५० आसनी ईआरजे-१४५ या छोट्या जेटच्या जोडीला २०२३ मध्ये ७६ आसनी ई-१७५ हे जेट आणलं. अमेरिकेत होरायझन एअरने क्यू-४०० ही पंख्याची विमानं काढायचं २०२२ मध्ये जाहीर केलं आणि जानेवारी २०२३ पर्यंत ती संपवून सगळा ताफा ई-१७५ चा केला. घोषणा आणि शेवटचं उड्डाण यांत फार तर वर्षभर मिळतं, ते असं.

मग स्वखर्चाचं पॅकेज कोणाला चालेल? ज्याची नोटीस संपत आली आहे किंवा कंपनीच बंद पडली आहे, आणि ज्याच्या हातात ‘रेटिंग आणा, रुजू व्हा’ असं तारीख घातलेलं ऑफर लेटर आहे, त्याला. त्याने सेंटरची डीजीसीए मान्यता आणि सिमच्या मान्यतेची मुदत पाहावी. आपली नवी कंपनी निओ (नव्या इंजिनांचं ए-३२०) उडवत असेल तर सिम कोणत्या इंजिनाचं आहे तेही विचारावं. रेटिंग एकच असलं तरी सीईओवर (जुन्या इंजिनांच्या ए-३२० वर) शिकलेल्याला डिफरन्सेस (दोहोंतल्या फरकांचं प्रशिक्षण) वेगळे करावे लागतात. जोडीदार मध्येच गळला तर सीट कोण भरणार आणि त्याचे पैसे कोण देणार, सिम बंद पडलं तर स्लॉट किती दिवसांत परत मिळणार, रात्री २ ते ६ चे स्लॉट किती, हे करारात हवं. क्लास वन मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग संपूर्ण कोर्सभर चालू राहील हे आधी तपासावं, नाहीतर स्किल टेस्ट होऊनही ईजीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज अडकतो. पैसे हप्त्यांनी द्यावेत आणि शेवटचा हप्ता स्किल टेस्टच्या दिवशी न देता लायसन्सवर एन्डोर्समेंट चढल्यावर द्यावा. या अटीला नकार देणारं सेंटर यादीतून काढून टाकलेलं बरं.