थांबावं की इंजेक्शन द्यावं: मुलगा उशिरा वयात येतो तेव्हा

माझा मुलगा तेव्हा साडेचौदा वर्षांचा, नववीत. नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी सगळं तपासून दोन रस्ते सांगितले. दर सहा महिन्यांनी दाखवत थांबा, नाहीतर तीन ते सहा महिने टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, कमी डोसची इंजेक्शनं द्या. ‘दोन्हीत चूक नाही, घरी बोलून ठरवा,’ म्हणाले. आम्ही आधी थांबलो, मग इंजेक्शनं दिली. म्हणून दोन्हीबद्दल थोडं बोलू शकतो.

हे दोन रस्ते फक्त ‘कॉन्स्टिट्यूशनल डिले’वाल्या मुलांसाठी आहेत. म्हणजे शरीर निरोगी, फक्त घड्याळ मागे. मुलग्यांमध्ये उशिराचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच. १४ वर्षं पूर्ण होऊनही वृषण ४ मिलीपर्यंत वाढले नसतील तर उशीर मानतात. मोजायला डॉक्टरांकडे लहानमोठ्या मण्यांची माळ असते. मिसरूड किंवा आवाज यावरून घरी अंदाज बांधू नका. आपल्या विदर्भात एक गोष्ट आवर्जून विचारा: सिकलसेलची तपासणी झाली का? सिकलसेल असलेल्या मुलांची वाढ आणि वयात येणं, दोन्ही लांबतं. थायरॉईड, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सीलिअ‍ॅक, जुनाट आजार, हेही आधी बाजूला काढावे लागतात. रक्तात एफएसएच (वृषणांना काम करायला सांगणारं पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन) बरंच वाढलेलं असेल तर दोष वृषणातच असू शकतो आणि गुणसूत्रांची तपासणी करावी लागते. मुलाला वास येत नसेल, वृषण खाली उतरलेले नसतील, किंवा डोकेदुखीबरोबर नजर कमी होत असेल तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरांना तसं सांगा.

आमच्याकडे रक्ताच्या रिपोर्टांचा गठ्ठा झाला होता. पण सगळ्यात जास्त सांगितलं ते डाव्या हाताच्या एका एक्स-रेनं. वय साडेचौदा, हाडांचं वय १२, म्हणजे हाडांची वाढ बारा वर्षांच्या मुलाएवढीच. डॉक्टरांनी मला विचारलं, ‘तुम्ही कधी वाढलात?’ मी अकरावीनंतर वाढलो. माझे थोरले भाऊही तसेच. या उशिरात असा घरचा इतिहास पुष्कळदा निघतो.

आता थांबण्याची बाजू. सुई नाही, खर्च नाही, मुलाचं शरीर स्वतःच्या चालीनं चालतं. माझ्या मावसभावाचा मुलगा थांबला, सोळाव्या वर्षी भराभर वाढला, आज माझ्यापेक्षा उंच आहे. मुलगा मनानं निवांत असेल, त्याच्या वर्गात आणखी एकदोन जण बारके असतील, तर मी कुणालाही थांबाच म्हणेन.

उंचीसाठी इंजेक्शन द्यावं की नाही, याची आम्ही फार चर्चा केली. ती वायाच गेली. कमी डोसचा छोटा कोर्स शेवटची उंची कमी करत नाही, वाढवतही नाही. उंची फक्त आधी येते. जास्त डोस मात्र हाडांची वाढणारी टोकं लवकर बंद करून उंची थांबवू शकतो, म्हणून जिममधल्या कुणाच्या सल्ल्यानं काही देऊ नका.

आमचा निर्णय एका तिकिटानं झाला. मी आणि मुलगा काटोलला आजीकडे निघालो होतो. कंडक्टर भले गृहस्थ, त्यांनी सहज विचारलं, ‘पोट्ट्याचं हाफ देऊ ना?’ अर्धं तिकीट बारा वर्षांपर्यंत. मी म्हटलं, पूर्ण द्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कौतुकानं म्हणाले, ‘प्रामाणिक आहा बाप्पा तुमी.’ मुलगा काटोल येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसला. त्यानंतर घराबाहेर पडताना तो शर्टाच्या खिशात आधार कार्ड ठेवायला लागला. शिकवणीला जातानाही. मे महिन्यात मित्र पोहायला बोलवायचे, हा घरी. तेही उकाडा आपल्याकडे कसा असतो हे माहीत असून. रात्री इस्त्रीला कपडे काढताना ते कार्ड माझ्या हाताला लागायचं.

सहा महिने थांबणं कागदावर फार छोटं दिसतं. त्या वयात ते अर्धं शालेय वर्ष असतं. पुढच्या भेटीत मणी जवळपास तेवढेच निघाले. डॉक्टर पुन्हा थांबा म्हणायला तयार होते. मुलगा म्हणाला, ‘बाबा, मला घ्यायचं आहे.’

इंजेक्शनचाही त्रास आहे. ५० मिलिग्रॅम, महिन्यातून एकदा, तीन वेळा. औषध तेलात असतं, खोलवर द्यावं लागतं, दोन दिवस बसताना दुखतं. आम्हाला मिळालेली अ‍ॅम्प्यूल मोठ्या माणसाच्या डोसची होती, २५० मिलिग्रॅमची. म्हणजे त्यातला फक्त पाचवा हिस्सा घ्यायचा. घराजवळच्या एका दवाखान्यात कंपाउंडरनं पूर्ण अ‍ॅम्प्यूल सिरिंजमध्ये ओढली होती, चिठ्ठी दाखवून मी थांबवलं. पुढची दोन्ही डॉक्टरांकडेच घेतली. तुम्हीही तसंच करा, फेरी पडली तरी.

दोनेक महिन्यांत आवाज घोगरा झाला, भूक वाढली. पण खरी परीक्षा पुढे असते. केस आणि आवाज बाहेरच्या टेस्टोस्टेरॉननंही बदलतात, वृषण मात्र मेंदूतल्या पिट्युटरीचा संदेश आल्यावरच वाढतात. म्हणून कोर्स संपल्यावर थांबून पुन्हा मणी मोजतात. आमचे ६ मिली निघाले, म्हणजे त्याचं स्वतःचं काम सुरू झालं होतं. कदाचित ते तसंही त्याच सुमारास सुरू झालं असतं, हे मी नाकारत नाही. त्या वेळी वाढ दिसली नसती तर ‘फक्त उशीर’ हे निदानच पुन्हा तपासावं लागलं असतं. कोर्सचा हा फायदा आधी कुणी आम्हाला नीट सांगितला नव्हता.

प्रत्येक मूल वेगळं, डॉक्टर तुमच्या मुलाला ओळखतात, मी नाही. तरी मुलगा माणसं टाळायला लागला असेल, तर मी दुसऱ्यांदा ‘अजून सहा महिने’ म्हणणार नाही. आणि विचारायचं मुलालाच, तेही आई-बाबा दोघं समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत असताना नाही. आमच्याकडे ते बोलणं स्कूटरवर झालं, तो मागे बसलेला असताना.

कोर्स ठरला तर पहिल्याच भेटीत तीन गोष्टी लिहून घ्या: किती मिलिग्रॅम, किती महिने, आणि संपल्यावर मणी कोणत्या महिन्यात मोजायचे.