विळीसाठी हिऱ्याची पाटी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

हिऱ्याचे कण बसवलेली धार लावण्याची पाटी मी रविवार पेठेतील बोहरी आळीतून घेतली, त्याला आता नऊ महिने झाले. तिची एक बाजू ४०० ग्रिटची, म्हणजे भरड कणांची, आणि दुसरी १००० ग्रिटची, म्हणजे बारीक कणांची आहे. हिरा म्हटला की डोळ्यांसमोर लखलखाट येतो, पण ही पाटी दिसायला पॉलिश पेपरसारखी राखाडी आहे, कारण पोलादी पट्टीवर निकेलच्या मुलाम्यात कृत्रिम हिऱ्याची पूड रोवून ती बनवलेली असते. १९५४ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाब आणि तापमान यांच्या साहाय्याने हिरा घडवता आला नसता, तर तो माझ्या ओट्यापर्यंत पोहोचणे अवघडच होते.

विळीचे पाते पाटापासून सुटत नसल्याने पाटीच हातात धरून पात्यावरून फिरवावी लागते. थोडे पाणी शिंपडून ४०० च्या बाजूने दहा-बारा हात दिले की पात्याच्या पलीकडच्या कडेला बोटाला खरखरीत लागणारी बारीक कोर उठते; ती १००० च्या बाजूने हलकेच उतरवली की पिकलेला टोमॅटो न चेंगरता कापला जातो. कठीणपणा १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोह्ज मापात हिरा १० वर आहे आणि विळीचे पोलाद त्याच्या बरेच खाली, त्यामुळे जोर लावण्याचे कारणच नसते.

हे मला उशिरा कळले. पहिल्याच महिन्यात जुन्या दगडाच्या सवयीने पाटी दाबून घासली आणि एका कडेला बोटभर पट्टा गुळगुळीत झाला. तेथील हिरे झिजले नव्हते, निकेलमधून उपटून निघाले होते. खरा हिरा घणाखालीही फुटत नाही ही समजूतही अशीच फसवी आहे: हिरा ओरखड्याला दाद देत नाही, पण ठरावीक दिशेने घाव बसला तर दुभंगतो.

दगडाला मध्ये खळगा पडतो, तसा या पाटीला अजून पडलेला नाही, हा मोठा फायदा. गल्लीत येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर मात्र हिरा पोलादासाठी चालत नाही, कारण घर्षणाने तापले की हिऱ्यातील कार्बन लोखंडात मुरू लागतो आणि कण लवकर झिजतात. हाताच्या संथ घासण्यात तेवढी उष्णता निर्माण होत नाही.

जुना कार्बोरंडमचा दगड मी टाकलेला नाही. नारळाच्या कोयत्याला जोर लावावाच लागतो, म्हणून तो अजून त्याच दगडावर जातो.