दीक्षाभूमीवर धम्मपद घेताना आधी कोणत्या गाथा उघडून बघाव्यात

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीभोवती पुस्तकांचे स्टॉल लागतात, तेव्हा धम्मपदाच्या मराठी आवृत्त्यांचे गठ्ठे समोर असतात. गर्दीत मुखपृष्ठ आणि किंमत बघून पुस्तक पिशवीत जातं. बुद्धवचनांच्या पाली गाथांचा (श्लोकांचा) हा ग्रंथ एकच आहे, वर्ग म्हणजे प्रकरणं 26 आणि गाथा 423. तरी एका आवृत्तीतले बुद्ध आत्मा मानतात आणि शेजारच्या आवृत्तीतले तो नाकारतात, एवढी तफावत निव्वळ भाषांतराने पडू शकते. ज्या ठिकाणी 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तिथून घरी नेलेल्या पुस्तकात हा घोळ असू नये.

स्टॉलवर ढोबळमानाने तीन तऱ्हेची पुस्तकं असतात: फक्त मराठी असलेली खिशातली पुस्तिका, पाली गाथेखाली मराठी अर्थ देणारं पुस्तक, आणि शब्दार्थ, टिपा, अट्ठकथेतले (गाथांवरच्या जुन्या पाली भाष्यातले) प्रसंग असलेला जाड ग्रंथ. पहिली तऱ्हा घेऊच नये. मूळ समोर नसलं की अनुवादकाने काय केलं ते पडताळायची सोयच राहत नाही. उरलेल्या दोन्हींची पारख उभ्या उभ्या पाच मिनिटांत होते.

आधी अत्तवग्ग या वर्गातली 160वी गाथा काढा: ‘अत्ता हि अत्तनो नाथो, को हि नाथो परो सिया’. इथे ‘अत्ता’ म्हणजे ‘स्वतः’. ‘आपणच आपले स्वामी, दुसरा कोण असणार?’ असा अर्थ दिला असेल तर पुढे चला. ‘आत्मा हाच आत्म्याचा स्वामी’ असं छापलं असेल तर पुस्तक खाली ठेवा. पालीतला शब्द संस्कृतात जसाच्या तसा उलटवला, की अनात्मवाद शिकवणाऱ्या ग्रंथात आत्मा येऊन बसतो.

खरी कसोटी 277 ते 279 या तीन गाथांची आहे. पहिली म्हणते ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’, दुसरी ‘सब्बे सङ्खारा दुक्खा’ आणि तिसरी ‘सब्बे धम्मा अनत्ता’. तिसऱ्या गाथेत शब्द बदलला आहे आणि तो मुद्दाम बदलला आहे. सङ्खार म्हणजे कारणांमुळे घडून आलेली प्रत्येक गोष्ट. ती अनित्य आहे, दुःखरूप आहे. ‘धम्म’ त्याहून व्यापक आहे. त्यात घडलेलं सगळं येतं आणि न घडलेलं निब्बाण (निर्वाण) ही येतं, म्हणून अनत्ता, म्हणजे आत्मा नसलेलं, मात्र सगळंच. तिन्ही ठिकाणी ‘सर्व वस्तू’ लिहून मोकळ्या होणाऱ्या आवृत्तीत हा भेद पुसला जातो. उलट, शब्द तसेच ठेवले तरी मराठी वाचकाची फसगत होते. ‘सर्व संस्कार अनित्य आहेत’ वाचलं की आईवडिलांनी लावलेलं वळण आठवतं, नाहीतर लग्नमुंजीचे विधी. ‘सर्व धर्म अनात्म आहेत’ वाचून तर हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन डोळ्यांसमोर येतात. या पानावर टीप नसेल तर अनुवाद कितीही गोड असो, अभ्यासाला निरुपयोगी.

‘अप्पमाद’चंही असंच होतं. 21वी गाथा ‘अप्पमादो अमतपदं’ अशी सुरू होते. मराठीत प्रमाद म्हणजे चूक, त्यामुळे ‘चूक न करणे’ असा अर्थ सहज निसटतो. इथे अभिप्रेत आहे ती सतत जागरूकता.

जाड ग्रंथाला जास्त पैसे का मोजायचे, ते 97व्या गाथेवरून कळतं. ‘अस्सद्धो अकतञ्ञू च, सन्धिच्छेदो च यो नरो, हतावकासो वन्तासो, स वे उत्तमपोरिसो.’ वरवर वाचली तर श्रद्धाहीन, कृतघ्न आणि घरफोड्या माणूस सर्वोत्तम ठरतो! गाथा श्लेषावर उभी आहे. अकत, म्हणजे न घडवलेलं निब्बाण, जाणणारा तो अकतञ्ञू. भवाचे, म्हणजे पुन्हा पुन्हा जन्मण्याचे, सांधे तोडणारा तो सन्धिच्छेद. अस्सद्ध म्हणजे स्वतः जाणल्यामुळे दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज न उरलेला. मराठीत हे दोन्ही अर्थ एका शब्दात बसत नाहीत, टीप द्यावीच लागते. 294व्या गाथेत आई, बाप आणि दोन राजांना मारण्याची भाषा आहे. अट्ठकथेनुसार आई म्हणजे तृष्णा, बाप म्हणजे ‘मी आहे’ हा अहंभाव, आणि दोन राजे म्हणजे शाश्वतवाद (आत्मा कायम टिकतो हे मत) व उच्छेदवाद (मरणाने सगळं संपतं हे मत). हा खुलासा न देता गाथा तशीच छापणं बेजबाबदारपणाचं आहे.

शेवटच्या ब्राह्मणवग्गात 383पासून 41 गाथा आहेत. वाचक बिचकेल म्हणून तिथे ‘ब्राह्मण’ काढून ‘अर्हत’ (पूर्ण मुक्त झालेला) घातलं, तर 393व्या गाथेचा जीवच जातो. जटेने, गोत्राने, जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, हे सांगण्यासाठी तोच शब्द हवा.

छपाई तपासायची सोपी रीत म्हणजे अक्षरं मोजणं. बहुतेक गाथांच्या चरणात आठ अक्षरं असतात, जोडाक्षर एकच धरायचं. ‘म-नो-पु-ब्ब-ङ्ग-मा-ध-म्मा’ अशी आठ भरली की ठीक. क्वचित नऊही येतात, वर दिलेल्या 21व्या गाथेचा पहिला चरण तसाच आहे, आणि काही गाथा लांब वृत्तांत आहेत. सात भरली तर मात्र बहुधा अक्षर गळालं आहे. 23व्या गाथेत ‘दळ्हपरक्कमा’ आहे का बघा, तिथे ‘दल्ह’ किंवा ‘दृढ’ दिसलं तर मुद्रितशोधन कच्चं. ‘ञ्ञ’चा एकेरी ‘ञ’ झालेला दिसला तरी तेच. श, ष, ऋ किंवा विसर्ग पालीत नाहीतच, त्यामुळे गाथेत त्यातलं एखादं अक्षर आढळलं तर कोणीतरी संस्कृतच्या सवयीने हात फिरवला आहे.

शंका आली तर स्टॉलवर वाद घालू नका. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाची (सहाव्या बौद्ध संगीतीत तपासलेली) पाली संहिता देवनागरीत संकेतस्थळावर मोफत ठेवली आहे, मोबाइलवर तीच गाथा काढून ताडून बघा. अर्थाविषयी अडलं तर नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृत विभाग आहे.

रोज विहारात वाचायला मधल्या तऱ्हेचं पुस्तक पुरेसं आहे, पण वरच्या गाथांवर टिपा असतील तरच. अभ्यासमंडळाने वर्गणी काढून एक जाड ग्रंथ घ्यावा. तो शिवणबांधणीचा आहे ना, हे पुस्तक मधोमध उघडून बघा. नुसत्या चिकटवलेल्या बांधणीची पानं सतत हाताळल्याने सुटतात, आणि एकत्र वाचताना पुस्तक सपाट उघडं राहत नाही.