स्कायरिम की विचर ३?

साताऱ्यात आमच्या ग्रुपमध्ये कुणी नवा पीसी घेतला की या दोन व्हिडिओ गेम्सपैकी कुठला घ्यायचा, हा वाद ठरलेला. स्कायरिम २०११ चा, विचर ३ २०१५ चा.

माझं मत विचरला, ते कथेमुळे. त्यातल्या ब्लडी बॅरन या पात्राचंच घ्या. दारुडा, बायकोवर हात उचलणारा माणूस. त्याची चीडच येते. पण योग्य पर्याय निवडला तर तोच जन्माआधीच दगावलेल्या आपल्या बाळाला नाव देतो, उंबऱ्यापाशी पुरतो, आणि आपला राग डळमळतो. स्कायरिममधलं एकही पात्र माझ्या मनात असं घर करून राहिलं नाही. तलवारबाजीही तिथे पोकळ वाटते.

मोकळेपणा मात्र स्कायरिमचाच. वाट सोडून अजिंक्यतारा चढणाऱ्यांना तो लगेच भावेल. धनुष्य वापरत राहिलात की तिरंदाजी आपोआप सुधारते, आधी योद्धा, जादूगार असा वर्ग निवडायची सक्ती नाही. विचरमध्ये तुम्ही गेराल्टच, म्हणजे ठरलेला नायक. शिवाय त्यातल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर दिसणारी ती प्रश्नचिन्हं! होडीतून एकेक पेटी गोळा करणं म्हणजे निव्वळ वेळखाऊ काम, खुशाल सोडून द्या.

बग (गेममधले तांत्रिक दोष) दोन्हीत आहेत, स्कायरिममध्ये जास्त. सेव्ह करत राहा. लॅपटॉप जुना असेल तर मूळ, २०११ चाच स्कायरिम घ्या, विचरला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं.