मालवणातल्या वाचनालयाची कात्रणसेवा

भरड नाक्याजवळच्या आमच्या वाचनालयात विषयवार कात्रणांच्या फायली मिळतात, हे अर्ध्या मालवणाला ठाऊक नसेल. पतसंस्थेत माझी ठेव अडकली तेव्हा मी ग्रंथपालबाईंना विचारलं, "बाई, बँका बुडल्यार लोकांनी केल्यानी काय, ता वाचूक गावात?" त्यांनी आइसलँडची फाईल काढून दिली.

दोन दुपारी वाचत बसलो. तो देश आपल्या सिंधुदुर्गाच्या निम्म्याहून कमी वस्तीचा. ऑक्टोबर २००८मध्ये आठवड्याभरात तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. जानेवारी २००९मध्ये लोक टोप-पातेली बडवत संसदेसमोर उभे राहिले आणि सरकार गेलं. त्याच ऑगस्टमध्ये काउपथिंग बँकेच्या कर्जांच्या फुटलेल्या कागदांवरची बातमी दाखवायला राष्ट्रीय दूरचित्रवाणीला मनाई झाली. तर त्यांनी ते कागद जिथे होते त्या विकिलीक्स या संकेतस्थळाचा पत्ताच पडद्यावर दाखवला! पुढे १६ जून २०१०ला संसदेने एकमताने ठराव केला: बातमीचा स्रोत आणि गैरप्रकार उघड करणारा माणूस, दोघांनाही कायद्याचं भक्कम संरक्षण द्यायचं. नव्या घटनेच्या मसुद्याला २०१२च्या सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी कौल दिला, पण संसदेने तो मंजूर केलाच नाही. हे वाचून जीव तुटला.

फाईल घरी नेऊ देत नाहीत, झेरॉक्स मात्र लगेच मिळते. खिडकीजवळचं टेबल धरा, वीज गेली की तिथेच उजेड. पतसंस्थेच्या गेल्या सभेत लेखापरीक्षण अहवाल मागणारा मी एकटाच होतो. येत्या सभेत या झेरॉक्स वाटणार आहे.